‘मॅमथ’ची हुर्यो आणि मावशींची बस : चित्रपट समीक्षकांना खुले पत्र

प्रति,
परदेशी चित्रपटांवर मराठीत लिहिणारे समीक्षक
आणि फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते यांस,

स. न. वि. वि.

आमच्या फिल्म सोसायटीने गेल्या महिन्यात लुकास मूडिसॉन या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘मॅमथ’ हा २००९ सालचा चित्रपट दाखवला. खेळाआधी नेहमीप्रमाणे एकपानी टिपण वाटले गेले आणि त्यात चित्रपटाचा निकाल दीड ओळीत लावून टाकलेला होता. हेतू चांगला, पण मांडणी ढोबळ आणि उपदेशकी. बर्लिनच्या महोत्सवात पत्रकारांनी याची हुर्यो उडवली होती, असा त्याचा मथितार्थ. खेळानंतर जे चार-पाच जण बोलले त्यांनी या दीड ओळीचाच विस्तार केला. श्रीमंतांची मुले आयाच्या हाती आणि आयाची मुले वाऱ्यावर, यात नवीन ते काय, असा एकंदर सूर होता. हे सगळे ओढूनताणून आणलेले वाटते, असेही एकाने सांगितले. सव्वानऊ वाजता चर्चा आवरती घ्यावी लागली, कारण बोलणाऱ्यांपैकी तिघांना घरी पोहोचून मुलांजवळ थांबलेल्या मावशींना मोकळे करायचे होते; मावशींची शेवटची बस पावणेदहाची असते. हे त्यांनी अगदी सहज सांगितले आणि त्यात गैर काहीच नव्हते. मात्र ‘ओढूनताणून आणलेले’ हे मत आणि मावशींची बस या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतराने निघाल्या आणि त्यांची गाठ कुठेच पडली नाही, याचे मला अजून नवल वाटते. म्हणून हे पत्र.

मी समीक्षक नाही. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाखांमध्ये. चित्रपट पाहण्याची सवय त्याहून जुनी आहे, आणि ती टिकली यात तुमच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. इराणी आणि लॅटिन अमेरिकी चित्रपट कसे पाहावेत हे मला तुमच्यापैकीच काहींनी शिकवले. तेव्हा या पत्रातली तक्रार विद्यार्थिनीची समजावी.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमध्ये लिओ आणि एलन हे सुखवस्तू जोडपे राहते. लिओने (गाएल गार्सिया बर्नाल) संगणकीय खेळांचे संकेतस्थळ काढून पैसा मिळवला आहे. एलन (मिशेल विल्यम्स) इस्पितळाच्या तातडीच्या विभागात शल्यविशारद आहे आणि तिच्या पाळ्यांना अंत नाही. त्यांच्या लहानग्या जॅकीला ग्लोरिया (मारिफे नेसेसितो) ही फिलिपिनो आया सांभाळते, आपल्याबरोबर चर्चमध्ये नेते, आपल्या भाषेतले शब्द शिकवते. आणि मुलीचा जीव आईपेक्षा आयावर अधिक जडला आहे हे एलनला हळूहळू उमगत जाते. ग्लोरियाची दोन मुले, साल्वादोर आणि मान्युएल, तिकडे फिलिपिन्समध्ये आजीजवळ आहेत आणि तिच्या पैशातून तिथे घर उभे राहत आहे. दरम्यान लिओ एका करारावर सही करायला थायलंडला जातो, वाटाघाटी लांबतात तसा कंटाळतो, समुद्रकिनारा गाठतो, आणि तिथे कुकी नावाच्या, बारमध्ये देहविक्रय करणाऱ्या तरुणीच्या सहवासात येतो. तिचेही तान्हे मूल दूर गावी आहे. आईला परत आणायचे तर आपणच पैसे कमवायला हवेत असे ठरवून साल्वादोर घराबाहेर पडतो आणि एका परदेशी पर्यटकाच्या तावडीत सापडतो. ग्लोरिया तातडीने मायदेशी निघून जाते. न्यूयॉर्कचे कुटुंब शेवटी पुन्हा एकत्र येते, आणि त्यांच्यापुढे उरतो तो नवी आया शोधण्याचा प्रश्न.

हा चित्रपट जानेवारी २००९ मध्ये स्वीडनमध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनच्या स्पर्धा विभागात गेला. पत्रकारांसाठीच्या खेळाला हुर्यो उडाली, हे खरे आहे. स्वीडनमध्ये मते दुभंगली. काहींनी त्याला डोक्यावर घेतले, काहींनी भाबडा, दोषारोप करणारा, नोकरी करणाऱ्या मातांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणारा म्हणून झोडपले. इतर देशांतल्या परीक्षणांत वारंवार आलेला शेरा म्हणजे तुलना: तीनच वर्षांपूर्वी आलेल्या, मेक्सिकन दिग्दर्शक इन्यारितूच्या ‘बाबेल’ची ही फिकी आवृत्ती. ‘बाबेल’ला कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले होते, त्यातही अनेक देश, अनेक कुटुंबे आणि परक्याची मुले वाढवणारी एक आया होती, तेव्हा तुलना होणार हे उघडच होते. पण त्या तुलनेतली एक गंमत मला कुणाच्या लिहिण्यात ठळकपणे मांडलेली आढळली नाही. ‘बाबेल’मध्ये बर्नाल हा त्या मेक्सिकन आयाचा भाचा आहे, सीमेवर पोलिसांपुढे बिथरणारा. ‘मॅमथ’मध्ये तोच नट मालक झाला आहे. एकाच चेहऱ्याने टेबलाची बाजू बदलली, आणि या बदलाने पाहणाऱ्याचे काय होते यावर एक सबंध परिच्छेद लिहिता आला असता.

आता मुद्द्यावर येते. ‘ढोबळ’ या एका शब्दात आपण दोन वेगळे आरोप कोंबले आहेत. पहिला असा की चित्रपट जे सांगतो ते सर्वांना ठाऊकच आहे. दुसरा असा की ते सांगण्यासाठी तो कथेला वाकवतो. दुसरा आरोप मला मान्य आहे, पहिला मुळीच नाही; आणि हे दोन्ही एकाच ओळीत लिहिले गेल्यामुळे चित्रपटाचा जो भाग उत्तम आहे त्याचीही त्याच हुर्योत वाट लागली आहे, असे माझे म्हणणे आहे.

यासाठी मला बँकेच्या खिडकीवर परत जावे लागेल. महामार्गापासून बरीच आत असलेल्या एका शाखेत मी असताना एक बाई नियमाने येत. नवरा मस्कतला होता. ड्राफ्ट आला का, हा पहिला प्रश्न. मग पासबुक भरून घेणे. मग पैसे काढण्याची स्लिप. रक्कम कशासाठी हवी हे त्या न विचारता सांगत. एकदा चिऱ्यांसाठी, एकदा वाळूसाठी, एकदा गवंड्याची उधारी चुकवायला, मग मध्येच दीड वर्ष काही नाही कारण सासऱ्यांचे आजारपण, मग पुन्हा स्लॅबसाठी. घराचा पाया खणला तेव्हा त्यांचा मुलगा बालवाडीत होता. वास्तुशांतीचे आमंत्रण द्यायला त्या शाखेत आल्या तेव्हा तो दहावीत होता. नवरा वास्तुशांतीला आला, तीन आठवडे राहिला आणि गेला. पुढे काही वर्षांनी तो कायमचा परतला, आणि त्याच वर्षी मुलाने पासपोर्ट काढला. मुलाचे एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांसाठीचे, खाते मीच उघडले. या सगळ्या काळात त्या घरात कुठलाही अपघात झाला नाही, कुणावर अत्याचार झाला नाही, कुणी कुणाला फसवले नाही. पासबुकात एकामागून एक नोंदी पडत गेल्या, एवढेच. गोव्यातल्या कितीतरी स्त्रिया आखातात घरकामाला आणि मुले सांभाळायला गेल्या. त्यांच्या घरी काय घडले असेल याचा अंदाज मला या पासबुकावरूनच येतो, फक्त तिथे खिडकीवर आईऐवजी आजी येत असणार.

‘मॅमथ’मध्ये ते अर्धे बांधलेले घर पडद्यावर आले तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले. मामा बांधकामावर देखरेख करतो आहे, आजी मुलांना समजावते आहे, आणि ग्लोरिया फोनवर आहे. थोरल्याला फोनवर आईजवळ एकच हट्ट धरायचा आहे, परत ये. आणि आईला घर पुरे व्हायचे आहे. आजी साल्वादोरला कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर काम करणारी मुले दाखवायला घेऊन जाते, आई गेली नसती तर तुझी जागा इथे होती हे सांगण्यासाठी. या प्रसंगाला काहींनी उपदेश म्हटले आहे. उपदेश तर तो आहेच. पण तो आजी करते आहे, दिग्दर्शक नव्हे. परदेशी गेलेल्याच्या मागे राहिलेल्या मुलांना घरातली मोठी माणसे अगदी असाच उपदेश करतात, बोट दाखवून, समोरचे उदाहरण देऊन. मी तो खिडकीच्या अलीकडून कैक वेळा ऐकला आहे. आणि चित्रपटात तो उपदेश उलटा बसतो, कारण मुलगा त्यातून एवढेच उचलतो की मुलेही पैसे कमवू शकतात. ज्या प्रसंगात बोलणाऱ्याचे बोलणे एका अर्थाने निघते आणि ऐकणाऱ्याकडे दुसऱ्याच अर्थाने पोहोचते, त्याला ढोबळ कसे म्हणायचे?

इथपर्यंत चित्रपट साधा आहे आणि साधेपणातच खरा आहे. घसरतो तो यानंतर. साल्वादोरच्या वाट्याला जे येते ते येऊ शकते, नाही असे नाही. थायलंड आणि फिलिपिन्समधल्या लैंगिक पर्यटनाच्या धंद्यात मुले बळी पडली आहेत हे जगजाहीर आहे. पण चित्रपटाने स्थलांतराची किंमत दाखवण्यासाठी गुन्ह्याचा आधार घेतला, आणि त्या क्षणी हिशेब बिघडला. आता दुःखाला एक दुष्ट माणूस मिळाला. प्रेक्षकाला त्या पर्यटकाचा राग येतो आणि त्या रागात तो स्वतः सुटतो, कारण तो काही तसला माणूस नाही. खरे तर ग्लोरियाच्या घराने जे गमावले ते त्या पर्यटकाच्या येण्याआधीच गमावलेले होते. माझ्या खिडकीवरच्या बाईंनी जी बारा-तेरा वर्षे भरली त्यांना कुणी खलनायक नव्हता, म्हणूनच ती वर्षे कुणाला दिसली नाहीत. मूडिसॉनचा धीर सुटला. ‘मुलगा मोठा होतो आणि आईला फोनवर सांगण्यासारखे त्याच्याकडे काही उरत नाही’ एवढ्यावर चित्रपट उभा राहील असा विश्वास त्याला वाटला नाही. दोष दाखवायचा तर हा दाखवावा. पण ‘यात नवीन काय’ म्हणणारे समीक्षक त्याच्याकडे आणखी काहीतरी वेगळे, आणखी काहीतरी न पाहिलेले मागत होते. म्हणजे ज्या दिशेला तो चुकला त्याच दिशेला त्याला आणखी ढकलत होते.

चित्रपटाचे नाव ज्यावरून पडले त्या पेनाबद्दल. लिओला त्याचा सहकारी एक पेन भेट देतो. त्यात मॅमथ या नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या सुळ्याचा तुकडा बसवला आहे आणि त्याची किंमत ३,००० डॉलर आहे. ‘किती उघड प्रतीक!’ असे आमच्या चर्चेत म्हटले गेले. असेल. पण मी बँकेतली बाई, मला प्रतीकापेक्षा आकडा आधी दिसतो. २००९ च्या जुलैत अमेरिकेचे संघीय किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर झाले. ग्लोरियाला प्रत्यक्षात काय मिळत असेल ते बाजूला ठेवा. कायद्याच्या किमान दराने हे पेन ४१४ तासांचे होते, म्हणजे आठवड्याला चाळीस तास धरले तर दहा आठवड्यांहून थोडे अधिक. पुढे लिओ पहाटे निघून जाताना ते पेन झोपलेल्या कुकीजवळ ठेवून जातो, आपल्या परीने मोठे दान करून. तिच्या बाजारात, दुकानाच्या काउंटरवर, त्या पेनाला काही भाव नाही. तिथे मॅमथचा सुळा कुणाला हवा आहे? किंमत वस्तूत नसते, ती वस्तू कुणाच्या हातात आहे यात असते, हे अर्थशास्त्राच्या वर्गात सांगायला तासभर लागतो. चित्रपटाने ते एका पेनात आणि दुकानाच्या एका काउंटरवर दाखवले आहे. उघडपणाचा एवढा तिटकारा का असावा, हे मला समजत नाही. पासबुकही उघडच असते.

आता स्त्रीवादी आक्षेपाकडे, कारण सर्व टीकेत तोच सर्वांत वजनदार आहे. चित्रपटात माता मोजून चार: एलन, ग्लोरिया, कुकी, आणि एलनच्या इस्पितळात येणाऱ्या एका जखमी मुलाची आई, जिने स्वतःच त्याला भोसकलेले आहे. चौघीही मुलांपासून या ना त्या अर्थाने तुटलेल्या. चौघींपैकी एकीलाही चित्रपट स्वस्थपणे झोपू देत नाही. एलनला तर अक्षरशः झोप लागत नाही. लिओ मात्र चुकतो, रडतो, विमानात बसतो आणि घरी येऊन मुलीला मिठी मारतो. त्याच्या चुकीचा दंड दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर पडतो. तेव्हा ‘आईने घरी असावे’ असा संदेश यातून निघतो, हा आक्षेप निराधार नाही. मला स्वतःला एलनची अपराधी भावना इतक्या वेळा दाखवण्याची गरज वाटली नाही. तिच्या फ्रीजसमोरच्या एकटेपणाचे दोन प्रसंग पुरले असते.

परंतु हा आक्षेप घेताना तो कुठल्या मातीतून उगवला हेही सांगायला हवे होते. स्वीडनमध्ये दोन्ही पालकांना मिळून ४८० दिवसांची बालसंगोपन रजा असते आणि पाळणाघरे सार्वजनिक खर्चाने चालतात. त्याच स्वीडनमध्ये १९९३ पासून एक वाद धुमसत होता, ज्याला तिकडे सरळसरळ मोलकरणींचा वाद म्हणत: घरकामाला माणूस ठेवणाऱ्यांना सरकारने करात सवलत द्यावी की नाही. जुलै २००७ मध्ये ती सवलत लागू झाली आणि घरकामाच्या मजुरीचा निम्मा भार करातून वजा होऊ लागला. ‘मॅमथ’ आला तो यानंतर दीड वर्षाने. स्वीडिश प्रेक्षक न्यूयॉर्कची ग्लोरिया पाहत होता तेव्हा त्याच्या देशात तो प्रश्न नुकताच घराच्या उंबऱ्यावर आला होता, हे ध्यानात घेतले की तिथल्या कडवट परीक्षणांचा स्वर वेगळा ऐकू येतो. आणि अमेरिकेत? तिथे १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते तीही बिनपगारी, आणि सर्वांना नाही. एलनला ग्लोरिया लागते ती एलन वाईट आई आहे म्हणून नव्हे. तिच्या देशाने मुले सांभाळण्याचे काम सार्वजनिक मानलेच नाही, म्हणून ते काम बाजारात गेले, आणि बाजाराला स्वस्त हात फिलिपिन्समध्ये सापडले. फिलिपिन्सने तर १९७४ च्या कामगार संहितेपासून माणसे परदेशी पाठवणे हे सरकारी धोरणच केले होते; पुढे १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार स्त्रियांपुढे त्यांना ‘नव्या वीरांगना’ म्हटले. ज्यांच्या पाठवलेल्या पैशावर देशाची परकीय चलनाची गंगाजळी भरते त्यांना वीरांगना म्हणण्याखेरीज दुसरे काय म्हणणार?

चित्रपट यातले काही सांगत नाही. ही त्याची मर्यादा आहे, आणि ती समीक्षकाने भरून काढायची जागा आहे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या सगळ्यासाठी ‘संगोपनाची जागतिक साखळी’ अशी कल्पना २००० साली मांडली होती: श्रीमंत देशातल्या आईचे मूल गरीब देशातली आई सांभाळते, तिचे मूल तिची आई किंवा थोरली लेक, आणि साखळीत जितके खाली जावे तितके त्या सांभाळण्याचे मोल कमी होत शून्यावर येते. चित्रपटात साखळीच्या तीनही कड्या पडद्यावर आहेत. शेवटची कडी म्हणजे आजी, जिला कुणी पगार देत नाही. आमच्या टिपणात ग्लोरियाचा उल्लेख होता, आजीचा नव्हता.

आणखी एक गोष्ट मला बोचते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल, म्हणजे महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक, मिळाले ते क्लाउदिया योसा यांच्या ‘दुःखाचे दूध’ या पेरूच्या चित्रपटाला. टिल्डा स्विंटन ज्यूरीच्या अध्यक्ष होत्या. त्यातही एक मोलकरीण आहे. फाउस्ता नावाची ही मुलगी आईचे दफन गावी नेऊन करण्यासाठी पैसे जमवायला एका श्रीमंत पियानोवादक बाईच्या घरी राबते, आणि ती बाई तिच्या गाण्याच्या बदल्यात तिला एकेक मोती देऊ करते. मग तेच गाणे स्वतःच्या मैफलीत वाजवून टाळ्या घेते. सुंदर चित्रपट आहे, पारितोषिक योग्यच होते. पण मोती आणि गाण्याचा तो सौदा मॅमथच्या पेनाहून कमी उघड आहे काय? तरीही एकाला काव्यात्म म्हटले गेले आणि दुसऱ्याला ढोबळ. तसेच पुढे २०१३ मध्ये कानला पहिल्या चित्रपटाचे पारितोषिक मिळवणारा अँथनी चेन यांचा ‘इलो इलो’ घ्या. सिंगापूरच्या घरातली फिलिपिनो बाई, १९९७ च्या आर्थिक पेचात सापडलेले मालक, शेवटी बाईची पाठवणी. संयत, नेमका, आणि मला ‘मॅमथ’हून अधिक आवडलेला चित्रपट. त्याच्या संयमाची सर्वांनी वाखाणणी केली. पण त्या संयमाचा एक भाग असा आहे की कॅमेरा बाईच्या गावी जातच नाही. तिचे मूल आपल्यासाठी फोनच्या दुसऱ्या टोकालाच राहते. मूडिसॉनने कॅमेरा तिथे नेला, आणि तो तिथे चुकलाही. तिथे न जाणाऱ्याला चुकण्याची भीती नसते. आपण संयमाला गुण देताना जाण्याच्या धाडसाला किती गुण देतो, याचा विचार व्हावा असे मला वाटते.

‘हे आपल्याला ठाऊकच आहे’ या वाक्यातले ‘आपण’ कोण? सिनेमागृहात बसलेले. ग्लोरियाने हा चित्रपट पाहिला तर तिला त्यात नवे काही दिसणार नाही हे खरे, पण ती परीक्षण लिहीत नव्हती. बर्लिनमध्ये हुर्यो उडत होती त्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या खऱ्या आया, सफाई करणाऱ्या बाया, वृद्धांच्या सेविका राज्याची राजधानी असलेल्या आल्बनीच्या विधिमंडळात खेटे घालत होत्या. १९३५ च्या कामगार कायद्याने घरकामगारांना संघटनेच्या हक्कातून वगळले होते. तेव्हापासून पाऊण शतक लोटले होते. ऑगस्ट २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला, अमेरिकेतला असा पहिला. जे ‘सर्वांना ठाऊकच’ होते त्याला कायद्यात शिरायला एवढा काळ लागला. आपल्याकडे वेगळे काय आहे? पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी २०११ मध्ये केलेला १८९ क्रमांकाचा करार फिलिपिन्सने पुढच्याच वर्षी मान्य केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. ठाऊक असणे आणि हिशेबात धरणे यांत एवढे अंतर असते, आणि समीक्षेत ‘ठाऊक आहे’ हा शेरा बहुतेक वेळा ते अंतर झाकण्यासाठी वापरला जातो. हे मी रागाने लिहीत नाही. माझ्या घरीही वीस वर्षे एक बाई येत होत्या, आणि त्यांच्या मुलीचे नाव मला त्यांनी काम सोडल्यावर कळले.

‘मॅमथ’ ही थोर कलाकृती आहे असा माझा दावा नाही. शेवटची पंधरा मिनिटे मला आजही खटकतात आणि थायलंडचा भाग लांबलेला आहे. एवढेच म्हणणे आहे की अशा चित्रपटांवर लिहिताना बाहेरच्या हुर्योला पुरावा मानू नये. कुणाच्या वेळेचे मोल किती आणि ते कोण देते हे पडद्यावर कसे दिसते, फोन कोण करते आणि कोण ठेवते, शेवटी कोणाचे घर पूर्ण होते, हे सांगितल्यावर मग उपदेशकी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मी ते वाचीन आणि कदाचित पटवूनही घेईन.

आमच्या सोसायटीच्या कार्यकर्त्यांना एक स्वतंत्र विनंती आहे. या चित्रपटाचा खेळ पुन्हा ठेवावा, आणि तो रविवारी दुपारी साडेतीनला ठेवावा. चित्रपट दोन तासांचा आहे. चहा धरूनही सहापर्यंत चर्चेला बसता येईल आणि मावशींच्या बसमुळे ती आटोपती घ्यावी लागणार नाही. रविवारी मावशींची सुट्टी असते, असे त्या तिघांपैकी एकाने मला सांगितले आहे. मुलांना तेवढे बरोबर आणावे लागेल. मागच्या खोलीत त्यांच्यासाठी सतरंजी आणि खेळ मांडण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
फिल्म सोसायटीची एक जुनी सभासद